फुकट हवीत, पण चोरीची नकोत: मराठी पुस्तकं ऑनलाइन कुठं मिळतात?

भुदरगडची_बाई

नमस्कार मंडळी,

भुदरगड तालुक्यात एका वाडीवरच्या शाळेत मी शिकवते. गारगोटी सोडून वर आलं की रेंजचा भरवसा नाही, पुस्तकाचं दुकान तर नाहीच. सातवी-आठवीच्या पोरींना वाचायची भूक आहे, आणि शाळेच्या पेटीतली पुस्तकं त्यांनी पार पिंजून काढलीत. कोल्हापूरला गेले की चार पुस्तकं आणते, ती आठवडाभर पुरतात. आता घरोघरी एखादा तरी स्मार्टफोन आहे. त्यावर रील बघण्याऐवजी पोरींनी गोष्टी वाचाव्यात असं फार वाटतं.

तर मला अशा जागा सांगा, जिथं मराठी पुस्तकं पैसे न देता मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही वाचता येतात. चोरीची पीडीएफ मात्र नको. ज्या पोरींना मी परीक्षेत कॉपी करू नका म्हणून सांगते, त्यांच्या हातात मीच कुणाची चोरलेली मेहनत देणं मला जमणार नाही.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं, मराठी विश्वकोश आणि ई साहित्य प्रतिष्ठान एवढं मला माहीत आहे. त्यापलीकडचं सांगा.

पेठेतला_गडी

बाई, एवढं कशाला शोधत बसताय? टेलिग्रामवर ग्रुप हायत की. खांडेकर, फडके, शिवाजी सावंत, सगळं एका ठिकाणी. नाव टाकायचं, फाइल घ्यायची. जुनीच पुस्तकं हायत, लेखक कधीच गेलेत. कुणाचं काय जातंय?

निवृत्त_ग्रंथपाल

पेठेतल्या गड्या, राग मानू नका, पण इथंच सगळी गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या कायद्याप्रमाणे लेखक वारल्यानंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. तोवर पुस्तकाचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, वारसांचा किंवा ज्याला त्यांनी दिला त्याचा. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा १९९२ साली कायदा बदलून ती ६० वर्षांची केली. पुस्तक किती जुनं दिसतं यावर काही अवलंबून नाही. लेखक कधी गेला एवढंच बघायचं.

आता आपल्या कोल्हापूरचीच माणसं घ्या. वि. स. खांडेकर २ सप्टेंबर १९७६ ला गेले. त्यांचं सगळं लेखन, अगदी १९३० च्या आसपासच्या कादंबऱ्यासुद्धा, २०३६ संपेपर्यंत हक्काखाली आहे. राजाराम कॉलेजात शिकवलेले ना. सी. फडके १९७८ साली गेले, ते २०३९ च्या १ जानेवारीला खुले होतील. पण त्याच कॉलेजात फारसी शिकवणारे माधव जूलियन १९३९ मध्ये गेले. त्यांची कविता, त्यांचा फारसी-मराठी कोश केव्हाच मुक्त झालाय. शहर एक, कॉलेज एक, आणि तरी एकाचं पुस्तक बिनधास्त उतरवायचं, दुसऱ्याचं नाही.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं. हरी नारायण आपटे, गडकरी, बालकवी, केशवसुत, महात्मा फुले, वि. का. राजवाडे, महर्षी वि. रा. शिंदे ही सगळी मंडळी मोकळी. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३० पर्यंत थांबायचं. ही एक वजाबाकी पोरींनाच शिकवा बाई. गणिताच्या तासाला चालेल.

रंकाळा_संध्याकाळ

ग्रंथपाल काका, अनुवादाचं काय? इंग्रजी लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असेल तर त्याचा मराठी अनुवाद आपोआप फुकट का?

निवृत्त_ग्रंथपाल

नाही. अनुवादकाचा हक्क वेगळा. मूळ लेखक कितीही जुना असो, अनुवादक हयात असेल तर ते मराठी पुस्तक त्याचं. तसंच जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला कुणी प्रस्तावना, टीपा, चित्रं जोडली असतील तर तेवढा भाग त्या माणसाचा. मूळ मजकूर मोकळाच राहतो. लेखक गेल्यानंतर पहिल्यांदा छापलं गेलेलं लेखन आणि सरकारी प्रकाशनं यांची ६० वर्षं प्रकाशनाच्या सालापासून मोजतात.

जुने_कागद

बाईंनी कुठं मिळेल ते विचारलंय, तर माझ्या रोजच्या वापरातल्या जागा सांगतो.

सगळ्यात आधी सरकारी संकेतस्थळं. तिथं बघायची आपल्याला सवयच नाही, आणि मराठीतला सगळ्यात मोठा मोफत खजिना तिथंच आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळानं काढलेली कितीतरी पुस्तकं पीडीएफ रूपात त्यांच्या संकेतस्थळावर खुली आहेत. चरित्रं आहेत, शास्त्राची आहेत, शेतीची आहेत, लोकसाहित्याची आहेत. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय मंडळानंच १९६९ साली काढलं. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मिळ जुन्या ग्रंथांचं स्कॅनिंग करून ते खुले केले आहेत. गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा दर्शनिका, म्हणजे एकेका जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे ग्रंथ आहेत. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून घेता येतात. आपल्या माणगावची बहिष्कृत वर्गाची परिषद मार्च १९२० मधली, तिच्याबद्दल वाचताना बाबासाहेबांचं मूळ लेखन शेजारी असलेलं बरं.

कोल्हापूरवर वाचायचं असेल तर मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचा २४ वा खंड आख्खा कोल्हापूर संस्थानावर आहे, १८८६ चा. इंग्रजीत आहे आणि साहेबाच्या चष्म्यातून लिहिलाय, हे ध्यानात ठेवून वाचावा. पण गावं, तळी, पिकं, बाजार यांची त्यातली माहिती मला दुसरीकडं एवढी सलग कुठं मिळाली नाही.

दुसरी जागा इंटरनेट अर्काइव्ह हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय. तिथं मराठी पुस्तकं ढिगानं आहेत, पण सापडत नाहीत अशी लोकांची तक्रार असते. कारण असं, की डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली पुस्तकं नंतर तिथं चढली, आणि त्यांची नावं रोमन लिपीत, कशीही लिहिलेली आहेत. देवनागरीत शोधलं की हाती काही लागत नाही. नाव रोमनमध्ये टाका, मग स्पेलिंग बदलून बदलून टाका. 'व' साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही, 'श' साठी एस आणि एसएच दोन्ही. 'ज्ञ' तर तीन तऱ्हांनी. पुस्तकाचं नाव सोडून नुसतं लेखकाचं आडनाव टाकलं तर जास्त सापडतं. आणि भाषेच्या खान्यात मराठी निवडून नुसतं चाळत बसण्यासारखं सुख नाही.

मात्र अर्काइव्हवर दिसतंय म्हणून ते मोकळंच असेल असं धरू नका. तिथं कुणीही काहीही चढवतं. ग्रंथपालांची वजाबाकी तिथंही लावायची.

उचगावकर

अर्काइव्हवर काही पुस्तकांना तासाभरासाठी उसनं घ्यायचं बटण असतं, ते वेगळं प्रकरण आहे. त्या उसनवारीवरून अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांनी २०२० मध्ये खटला भरला, २०२३ मध्ये निकाल अर्काइव्हच्या विरुद्ध गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. पाच लाखांवर पुस्तकं उसनवारीतून काढावी लागली. आपल्या जुन्या मराठी स्कॅनना त्याचा फारसा धक्का नाही, ती सरळ उतरवता येतात.

कॉलेजच्या पोरांसाठी इंग्रजी हवं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केला, आता ७० हजारांवर पुस्तकं आहेत. मराठीचं काम तिथं होणार नाही. शिवाय गुटेनबर्ग अमेरिकेच्या कायद्यानं चालतं, तिथं जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात. म्हणून १९५० मध्ये गेलेल्या जॉर्ज ऑरवेलचं हयातीत छापलेलं लेखन आपल्याकडं २०११ पासून मोकळं आहे, पण १९४९ साली आलेली त्याची शेवटची कादंबरी अमेरिकेत अजून अडकलेली आहे. ती गुटेनबर्गच्या ऑस्ट्रेलियातल्या भावंडाकडं मिळते.

पेठेतला_गडी

काका, खांडेकरांचं मला खरंच ठाऊक नव्हतं. पण एक विचारतो, मनापासून. माझा भाऊ आजऱ्याकडं राहतो. रोजंदारी करतो, पुस्तकाचं वेड लई. चारशे-पाचशेची कादंबरी त्यानं कशी घ्यायची? वारसाला पैसे मिळावेत हे बरोबर. पण ज्याच्याकडं नाहीतच, त्यानं वाचायचंच नाही का?

महाद्वारचा_पुस्तकवाला

भावा, प्रश्न रास्त आहे. मी दुकानदार आहे, तरी सांगतो, तुझ्या भावानं वाचलंच पाहिजे. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती किती प्रतींची निघते ठाऊक आहे? बऱ्याचदा पाचशे, फार तर हजार. त्या विकायला वर्षं लागतात. आज आलेल्या पुस्तकाची पीडीएफ उद्या ग्रुपवर फिरली की दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि लेखकाचं पुढचं पुस्तक घ्यायला प्रकाशक दहादा विचार करतो. टेलिग्रामवर जे वाचलं जातं ते बहुतेक नवं आणि गाजलेलं असतं, आणि त्याचाच लेखक हयात असतो, घर चालवत असतो.

भावासाठी उपाय आहे. आजऱ्यात सार्वजनिक वाचनालय आहे, वर्गणी परवडणारी असते. खांडेकर तिथं नक्की मिळतील. आणि माझ्यासारख्या दुकानांत जुनी, कोपरे दुमडलेली पुस्तकं निम्म्याहून कमी किमतीत असतात. तू कधी कोल्हापुरात आलास तर भावाची यादी घेऊन ये.

निवृत्त_ग्रंथपाल

पुस्तकवाले योग्य बोलले. यात आपल्या गावाचा इतिहासही आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. त्या काळी कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी म्हणून सुरू झालं. आणि भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कुणी केला? कोल्हापूर संस्थानानं, १९४५ साली. महाराष्ट्र राज्याचा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ साली आला. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्यानं वाचायचं कसं, हा पेठेतल्या गड्याचा प्रश्न इथल्या राज्यकर्त्यांनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी ग्रंथालयात शोधलं. हक्काखालचं पुस्तक फुकट वाचायचा चोख मार्ग आजही तोच आहे.

कानानं_वाचणारा

मी पूर्ण अंध आहे. इचलकरंजीत राहतो, फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय वापरतो. बाईंच्या शाळेत एखादं कमी दिसणारं मूल असेल, म्हणून लिहितो.

तुम्ही वर सांगितलेल्या पीडीएफपैकी निम्म्याहून जास्त माझ्यासाठी कोऱ्या असतात. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यातलं अक्षर माझ्या फोनला कळत नाही. दुसरी अडचण तर डोळसांच्या लक्षातही येत नाही. काही पीडीएफ स्कॅन नसतात, संगणकावर जुळवलेल्या असतात, तरी माझा फोन त्या वाचताना अर्थहीन इंग्रजी अक्षरं बडबडतो. कारण आपली छपाई अनेक वर्षं युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनला कळणारी अक्षरांची पद्धत, नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये झाली. पानावर मराठी दिसतं, आत मराठी नसतंच.

यावर मी वापरतो ते दोन मार्ग. एक, सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय. २०१६ मध्ये सुरू झालं. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दाखवून एखाद्या सदस्य संस्थेमार्फत नाव नोंदवावं लागतं. इथं हक्काखालची पुस्तकंही मिळतात, आणि तीही कायदेशीर. २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात तशी तरतूद झाली, की दिव्यांग वाचकासाठी वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलून द्यायला परवानगी घ्यावी लागत नाही. याच विषयावर मराकेश इथं २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला सगळ्यात आधी मान्यता भारतानं दिली. याचा मला अभिमान आहे.

दुसरा मार्ग मराठी विकिस्रोत हे मुक्त पुस्तकांचं संकेतस्थळ. तिथलं पुस्तक युनिकोडमध्ये टंकलेलं असतं. फोन घडाघडा वाचतो.

भुदरगडची_बाई

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. पाचवीत एक मुलगी आहे, फळ्यापासून दोन हातांवर बसवली तरी तिला दिसत नाही. तिच्या आईशी बोलते, प्रमाणपत्राचं बघायला हवं.

बाकीच्यांनी सांगितलेलं थोडं थोडं पाहिलं. मोठ्यांसाठी अपार आहे. पण सातवीच्या पोरीच्या हातात शंभर वर्षांपूर्वीचं स्कॅन दिलं की ती दोन पानांत कंटाळते. 'कांहीं', 'आतां', 'नांव' असे अनुस्वार, लांबच लांब वाक्यं, फिकट छपाई. माझं स्वतःचं वाचन मस्त चाललंय, पण पोरींसाठी आजच्या मराठीतलं काही हवं. साने गुरुजी तेवढे सगळ्यांना आवडले.

पिशवीत_पुस्तक

ताई, मुलांसाठी स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. 'प्रथम बुक्स' या संस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलं. मराठीत पुष्कळ चित्रकथा आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या. लेखक-चित्रकारांचं नाव कायम ठेवलं की उतरवायला, छापायला, वाटायला, अनुवाद करायलाही तिथल्या परवान्यानं मुभा दिलेली आहे. म्हणजे एखादी गोष्ट छापून वर्गाच्या भिंतीवर लावलीत तरी ते नियमातच बसतं. तुमच्या आठवीच्या पोरींना त्या गोष्टी लहान वाटतील. त्यांना धाकट्या भावंडांसाठी हिंदी गोष्ट मराठीत करायला सांगा. आमच्या गल्लीतल्या मुलींनी केली. त्यात 'लई' आणि 'न्हाई' आलं तसंच ठेवलं, फार गोड झालीय.

मोठ्या मुलींसाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. खेळण्यांसाठी ते प्रसिद्ध आहेत, पण पुस्तकांचा साठा त्याहून मोठा आहे. विज्ञान, चरित्रं, शिक्षणावरची पुस्तकं, मराठीचा वेगळा विभाग. नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालणारं राष्ट्रीय ई-पुस्तकालयही मुलांसाठी आहे, तिथं नाव नोंदवावं लागतं.

तुमच्यासाठी म्हणून सांगते, साधना साप्ताहिकाचे जुने अंक आणि मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे या संकेतस्थळांचे ऑनलाइन दिवाळी अंक. आजच्या मराठीत, आजच्या लोकांनी लिहिलेलं, आणि लिहिणाऱ्यांनी स्वखुशीनं खुलं ठेवलेलं. प्रबोधनकार ठाकरे १९७३ साली गेले, म्हणजे वजाबाकीत बसत नाहीत, पण त्यांच्या नावाच्या संकेतस्थळावर त्यांची पुस्तकं वाचायला खुली ठेवलीत. शाहू महाराजांशी त्यांचा स्नेह होता, त्यामुळं आपल्याकडच्या माणसानं वाचावीतच.

जुने_कागद

जुना शब्द अडला तर बृहद्कोश हे संकेतस्थळ. एकाच खिडकीत कितीतरी मराठी कोश एकदम शोधता येतात, मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश दोन्ही. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, आणि खेड्यातले जे शब्द आज छापील मराठीत दिसत नाहीत ते तिथं अजून सापडतात.

उचगावकर

बाई, रेंज नसलेल्या ठिकाणासाठी: विकिस्रोतवर पुस्तक उघडलं की उतरवायचं बटण असतं, त्यातून ईपब (फोनवर वाचायच्या पुस्तकाची फाइल) घ्या, पीडीएफ नको. स्कॅनची पीडीएफ शंभर-शंभर एमबीची असते, ईपब एखाद-दोन एमबीत बसतं आणि अक्षर हवं तेवढं मोठं होतं. गारगोटीत वायफायवर एकदाच सगळं उतरवा, मेमरी कार्डात भरा, मग फोनवरून फोनवर ब्लूटूथनं द्या. वाचायला रीडएरा हे अॅप ठीक आहे, त्याला नेट लागत नाही.

भुदरगडची_बाई

केलं तसं. पण एका फोनवर जोडाक्षरं फुटताहेत. 'प्र' चा 'प्‌र' दिसतोय.

उचगावकर

फॉन्टचं आहे. मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी, दोन्ही मोफत आहेत. फोनमध्ये टाका आणि अॅपच्या सेटिंगमध्ये तो फॉन्ट निवडा. तरीही फुटली तर फोन फार जुना असेल, त्यावर तेच पुस्तक पीडीएफ करून द्या. तीही विकिस्रोतवरूनच निघते, आणि स्कॅनपेक्षा खूप हलकी असते.

पेठेतला_गडी

ते विकिस्रोतवर टंकतं कोण? पगारी माणसं हायत का?

कानानं_वाचणारा

नाहीत. आपल्यासारखेच लोक. डावीकडं मजकूर, उजवीकडं मूळ पानाचा फोटो, ताडून चुका दुरुस्त करायच्या. न तपासलेलं पान लाल, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं तपासलं की हिरवं. मराठीत लाल पानं अजून फार आहेत. तुम्ही एक पान पिवळं केलंत की ते मला वाचता येतं.

पेठेतला_गडी

रात्री दुकान बंद केल्यावर तासभर रिकामाच असतो. माधव जूलियनांचं काही लाल असंल तर सांगा, आपल्या राजाराम कॉलेजचा माणूस. तिथनं सुरू करतो. आणि पुस्तकवाले दादा, रविवारी भावाची यादी घेऊन येतो.

महाद्वारचा_पुस्तकवाला

ये. रविवारी दुपारपर्यंतच उघडं असतं, तेवढं बघ.